पायाची पारख

चप्पल सापडली ती जिन्यात. दुकानातून वर घरात येणाऱ्या जिन्याच्या वळणावर बाबांच्या डाव्या पायातली चप्पल पालथी पडली होती, आणि बाबा स्वतः जेवणाच्या टेबलाशी बसून, उजवी तेवढी पायात ठेवून, थोरल्या मुलाला फैलावर घेत होते. लाद्यांखालचा सिमेंटचा माल पातळ केला, सांधे नीट भरले नाहीत, पोरं कामावर ठेवलीत की पाहुणे बोलावलेत, असं सगळं चाललं होतं. थोरला ऐकून घेत होता. चाळिशी उलटली तरी बाबांपुढे तो अजून मान खाली घालूनच उभा राहायचा.

धाकटी सून कामावरून परतत होती. तिनं चप्पल उचलली आणि हसत हसत टेबलाशी आली.

"बाबा, एका पायानं राजे आहात, एका पायानं भिकारी. ही घ्या."

बाबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. पाहिल्यावरच त्यांना कळलं. हे धाकटीच्या ध्यानात आलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. माणसाच्या पायातली चप्पल जाते, गार पायऱ्या लागतात, दाराशी काथ्याचं खरखरीत पायपुसणं आहे, आणि तरी बघेपर्यंत पत्ता नाही?

"पट्टा सैल झालाय," बाबा म्हणाले.

"पट्टा सैल झाला म्हणून चप्पल पडेल बाबा. पण पडलेली कळेल की."

"तू चष्म्याच्या दुकानात आहेस ना? मग लोकांचे डोळे तपास. पायाचं आम्हाला कळतं."

ते खरंही होतं. या घराण्याला पायाचंच कळायचं. आजोबांपासून फरशा बसवण्याचा धंदा, आणि आजोबांपासूनच तो रिवाज. काम पुरं झालं की फरशी झाडायची, ओल्या फडक्यानं पुसायची, माणसं भिंतीकडेला उभी करायची, आणि घरातल्या कर्त्यानं अनवाणी पायांनी दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जायचं. पाय जिथं थबकेल तिथं खडूची फुली. फुलीची लादी उखडायची, पुन्हा बसवायची. लेव्हलच्या पट्टीला जे सापडत नाही ते बाबांच्या तळव्याला सापडतं, अशी ख्याती होती. गिऱ्हाइकं ते बघायला आवर्जून यायची. गेल्या दोनेक वर्षांत आईही त्यांच्याबरोबर चालायच्या. न्हाणीघरात घसरून पडल्यापासून त्यांना एकटीनं चालायची धास्ती बसली होती, म्हणून बाबांचा हात धरायच्या. लोकांना त्याचंही कौतुक. म्हातारपणी काय जोडी जमलीय, म्हणायचे.

धाकटी चप्पल चढवायला खाली बसली. तळव्याला हात लागला आणि बोटं ओली झाली. अंगठ्याच्या मुळाशी, जिथं चालताना सगळा भार येतो, तिथं एक भोक होतं. कडा पांढऱ्या, फुगलेल्या. आत काहीतरी चकाकत होतं.

"ताई, जरा दिवा आणा," तिनं थोरल्या जावेला हाक मारली.

लादीचा कपचा होता. नखाएवढा, पण धारदार. धाकटीनं तो चिमटीत धरून ओढला. ओढताना तिनंच डोळे मिटले. बाबांनी मात्र चहाचा घोट घेतला.

"हे कधी घुसलं?" त्यांनी विचारलं, जसं कुणी शेजाऱ्याच्या घरी पाहुणे कधी आले ते विचारावं.

धाकटी घाबरली. रक्तामुळे नव्हे, त्या घोटामुळे.

मग व्हायचं तेच झालं. सगळे एकदम बोलायला लागले.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टर," धाकटी म्हणाली.

"उद्या वाचनालयाची फरशी पास करायचीय," थोरला म्हणाला. "एवढा मोठा हॉल आपल्या घराण्याला पहिल्यांदा मिळालाय. सगळं मंडळ येणार आहे, बाबांचं चालणं बघायला. परवा नेऊ डॉक्टरकडे. एक दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"साखर आहे त्यांना, भाऊजी. किती वर्षं झाली. गोळ्या कधी घेतात, कधी नाही. पायात दगड घुसला आणि कळलं नाही, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?"

"मी तेच म्हणत होतो," धाकटा, तिचा नवरा, मध्ये पडला. "बाबांना आता या चालण्यातून सोडवा. ते लेसरचं यंत्र घेऊ. भिंतीवर रेघ पडते, काम तमाम."

हे त्यानं बोलायला नको होतं. थोरल्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"आलं! यंत्र आलं! म्हणजे तुला यंत्र आणायचंय, म्हणून तुझ्या बायकोला बाबांचा पाय मेलेला दिसतोय. छान जमवलंत दोघांनी."

"दादा, तोंड सांभाळ."

"तू सांभाळ. लोक यंत्र बघायला येतात का आपल्याकडे?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली एरवी नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसे. पण दिवा तिच्या हातात होता आणि भोक तिनं जवळून पाहिलं होतं. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी काय म्हणते, घेऊन जावं. तुमच्या आजोबांचंही असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं ना?"

सगळ्यांची नजर खिडकीकडे गेली. खिडकीपाशी आजोबांची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नसे, वर्तमानपत्रांची रद्दी तेवढी रचलेली असे. आजोबांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतर ते त्या खुर्चीत बसले ते शेवटपर्यंत. रस्त्यानं जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत बसायचे. आई या घरात नवी सून म्हणून आल्या तेव्हा ती खुर्ची उचलून उन्हात नेऊन ठेवणं हे त्यांचं काम होतं.

बाबा खुर्चीकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

"पाय शाबूत आहे यांचा," आई म्हणाल्या. इतका वेळ त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. "उगाच नाही नाही ते बोलू नका. पटत नसेल तर खाली चला. बघा करून."

आईंनी असं पुढं होऊन बोलणं नवलाचं होतं. धाकटीला वाटलं होतं, निदान आई तरी आपल्या बाजूला येतील.

जखमेवर चिकटपट्टी लावली. सगळी वरात दुकानात उतरली. मागच्या बाजूला नमुन्याची फरशी होती, गिऱ्हाइकांना दाखवायला कोरडीच मांडलेली. बाबांना पाठ करून उभं केलं. थोरल्यानं मधली एक लादी उचलली, तिच्याखाली जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा सारला आणि लादी परत बसवली. डोळ्यांना काही दिसेना. धाकटीनं वाकून हात फिरवला, तेव्हा कुठं किंचित कड लागली.

"या बाबा."

बाबांनी चपला काढल्या. आईंनीही नेहमीप्रमाणे काढल्या आणि त्यांचा हात धरला. दोघं निघाली. बाबांची मान ताठ, नजर समोर, आई पाऊलभर पुढं. थोरला श्वास रोखून बघत होता. धाकटीच्या लक्षात आलं की त्यालाही खात्री नाहीये. तोही भ्यालाय, म्हणून तर एवढा ओरडतोय.

बाबा थबकले. "ही," म्हणाले, आणि टाचेनं लादीवर टकटक केली.

तीच होती.

थोरल्यानं टाळीच वाजवली. थोरलीनं डोळ्याला पदर लावला. धाकटा बायकोकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "तुझीच काहीतरी चूक होतेय. घाई केलीस." म्हणजे तोही गेला. क्षणभरापूर्वी घरात दोघं तिच्या बाजूला होती, आता ती एकटी. जेवढं हायसं वाटायला हवं होतं तेवढं तिला वाटेना. तो चहाचा घोट डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"बरोबर आहे बाबांचं," ती म्हणाली, "पण जखम तरी धुवून घेऊ. दगड होता आत. मी नेते. तासाभरात परत."

"नेऊ दे तिला," आई म्हणाल्या. "मी येते बरोबर. यांना एकटं सोडायचं नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं धाकटीएवढ्याच होत्या. चेहरा दमलेला, हात मात्र घाईत नव्हते. त्यांनी चिकटपट्टी काढली, जखमेत सळई घालून खोली पाहिली. बाबा त्यांना दवाखान्याच्या फरशीतले दोष सांगत होते. सळई आत जात होती आणि बाबा सांगत होते की दाराजवळचा उतार उलट्या बाजूला दिलाय.

"दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थोडं थोडं. आपल्याला सवय आहे."

त्यांनी सळई ठेवली आणि स्टूल पुढं ओढलं. "आजोबा, साखर वर्षानुवर्षं चढी राहिली ना, की नसांना इजा होते. नसांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. मग मोजा चढवावा तशी बधिरता वर वर येते."

"बधिर कसा असेल? रात्री तळपाय जळतात माझे. निखारे ठेवल्यासारखे. मेलेला पाय जळतो का?"

"जळतो. तोच तर घोटाळा आहे. दुखावलेली नस खोट्या बातम्या देते. काही नसताना जळजळ होते, आणि खरोखर दगड घुसतो तेव्हा ती गप्प बसते."

बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. आईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"आता एक तपासणी करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्यावर पुढचं ठरेल. पायाला कळत असेल तर मलमपट्टी करू, औषध देऊ, दोन दिवसांनी दाखवायला या. कळत नसेल तर मात्र पाय जमिनीला टेकवायचा नाही. आजच भरती व्हायचं. पायाचा एक्स-रे काढून जखम हाडापर्यंत गेलीय का बघायचं. तसं असलं आणि तुम्ही चालत राहिलात, तर पाय वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

एका दांडीला नायलॉनचा जाड केसासारखा दोरा होता. त्यांनी तो आधी बाबांच्या मनगटाला टेकवून दाखवला. टेकवला की किंचित वाकायचा. "हे असं. डोळे मिटा. दोरा लागला की हो म्हणा."

बाबा पलंगावर टेकून बसले, डोळे मिटले. आई उशाशी उभ्या, हातात हात. धाकटी पायाच्या बाजूला.

दोरा अंगठ्याला टेकला.

"हो," बाबा म्हणाले.

करंगळीला. "हो." जखमेच्या शेजारी. "हो." टाचेला. "हो."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. खरंच चुकलो आपण, तिला वाटलं. घरी जाऊन भाऊजींची माफी मागावी लागणार, आणि ते वर्षभर टोमणे मारणार. मारू देत. तिला त्या टोमण्यांचीही गोडी वाटली. दुसरा पाय झाला. तिथंही हो, हो.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी होती. "कळतंय की सगळं. मग दगड कळला कसा नाही?"

"कामाच्या नादात," बाबा म्हणाले. "उद्या फरशीवर चालू ना?"

"शक्यतो नको. पण संवेदना आहे, त्यामुळे दुखलं तर तुमचे तुम्हीच थांबाल. पट्टी करून, थोडंच चाला." त्या लिहायला वळल्या. "थांबा, जखमेच्या कडेला एकदा पुन्हा बघते."

दोरा टेकला आणि त्याच वेळी धाकटीनं सहज वर पाहिलं. बाबांकडे नव्हे, आईंकडे. आईंची नजर दोऱ्यावर खिळली होती, आणि अंगठा बाबांच्या तळहातावर दाबला होता, इतका की नख पांढरंफटक पडलं होतं.

"हो," बाबा म्हणाले.

अंगठा सैल झाला. नखात रक्त परत आलं.

धाकटी त्या नखाकडे बघत राहिली. मग एकेक करून सगळं जागेवर बसलं. नमुन्याच्या फरशीवर आई पाऊलभर पुढं होत्या. आईंनीही चपला काढल्या होत्या. ज्या बाईला घसरायची भीती ती ओल्या पुसलेल्या फरशीवर अनवाणी कशाला चालेल? दोन वर्षं घराण्याची फरशी पास करत होता तो आईंचा पाय होता. लोक जोडीचं कौतुक करत होते, आणि ती माऊली बोटानं सांगत होती, इथं, आता इथं.

तिला आईंचा राग आला. चांगला सणसणीत राग आला. हे काय प्रेम झालं? माणसाचा पाय सडेपर्यंत झाकून ठेवायचा? मग तिला ती खुर्ची आठवली आणि ती उन्हात नेऊन ठेवणारी नवी सून आठवली. रोज सकाळी न्यायची, रोज संध्याकाळी आत आणायची. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

पण डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहून झालं की बाबा उठणार, आणि उद्या त्या हॉलभर चालणार.

बोलायचं म्हणजे आईंना चारचौघांत उघडं पाडायचं. घरी कळलं की थोरला आकाशपाताळ एक करेल, धंद्याचं नाव जाईल, आणि सगळ्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटेल.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तेवढं एकदा पुन्हा कराल? पहिल्यापासून. दोन्ही पाय."

"का?"

"माझ्या समाधानासाठी."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पेन खाली ठेवलं. धाकटी पलंगाला वळसा घालून उशाशी गेली आणि आईंपुढं तिनं आपला हात पसरला.

"आई, माझा हात धरता का जरा? मला फार भीती वाटतेय."

आईंनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. एक अक्षर न बोलता दोघींचं सगळं बोलून झालं. धाकटीला वाटलं, या आता मला झिडकारतील, आणि मग मला बोलावंच लागेल. ती हात पसरून उभी राहिली.

आईंनी बाबांच्या हातातून आपला हात सोडवला. एकेक बोट सोडवावं लागलं, कारण बाबांनीही घट्ट धरला होता.

"हात सोडलास होय गं?" बाबांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"हो," आई म्हणाल्या. "तुम्ही सांगा आता."

बाबा क्षणभर थांबले. मग त्यांनी रिकामा हात मांडीवर ठेवला, खांदे सरळ केले, फरशीवर उतरण्याआधी करायचे तसे. "बरं. सांगतो की. अजून इतका काही गेलेलो नाही मी. करा डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी दोरा अंगठ्याला टेकवला. तो वाकला. आईंचा अंगठा धाकटीच्या तळहातात रुतला.

बाबा गप्प.

करंगळी. अंगठा पुन्हा रुतला. जखमेची कड. टाच. दर वेळी आई दाबत होत्या, आधीपेक्षा जोरात, जणू धाकटीच्या हातातून ते तिकडं पोचणार होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि धाकटीचा तळहात दुखायला लागला होता. तिनं तो दुखू दिला.

डाव्या पायाचं झालं. उजव्या पायाचं झालं. डॉक्टरीणबाईंनी दोरा खाली ठेवला आणि आईंकडे, मग दोघींच्या हातांकडे पाहिलं. त्यांनाही सगळं कळलं असावं.

बाबांनी डोळे घट्ट मिटले होते, मान किंचित वाकडी, सगळं लक्ष पायांकडे. चेहऱ्यावर एखाद्या शाळकरी पोराची धडपड होती, उत्तर आलं की लगेच सांगायची.

"अहो डॉक्टर," ते म्हणाले, "सुरू करा की आता. किती वेळ वाट बघायची?"